लेक फोर्क की सोसायटीमागचं तळं: बाससाठी ‘भारी पाणी’ नक्की कुठलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला बरोबर कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल. तुम्ही दोन वर्षांपूर्वी नाशिकहून टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या प्लेनोला आलात. मुलाला घेऊन काठावरून गळ टाकता, बोट नाही. मित्राच्या सांगण्यावरून दीड तास गाडी हाकत तीनदा लेक फोर्क या मोठ्या धरणावर गेलात, दर वेळी चारेक तास उभे राहिलात आणि तिन्ही फेऱ्या मिळून एक बास मासा लागला. सोसायटीमागच्या पाच एकरांच्या तळ्यात मात्र संध्याकाळच्या दोन तासांत सहा-सात सहज लागतात. मित्र म्हणतो, तळं म्हणजे पोरखेळ, फोर्कसारखं पाणी अख्ख्या टेक्ससमध्ये नाही, बोट घे म्हणजे कळेल. तर खरं भारी पाणी कुठलं, आणि बोटीत पैसे घालावेत का?

मी बावीस वर्षं डॅलसच्या आसपास लार्जमाउथ बास धरतोय. त्यातली पहिली सहा-सात वर्षं याच घोळात गेली. घोळ ‘भारी’ या शब्दात आहे. आपल्याकडे ऊस एकरी किती टन निघाला हा एक हिशोब असतो आणि साखरेचा उतारा किती पडला हा दुसरा. टनेज भरघोस आणि उतारा पडलेला, असं कितीदा होतं. पाण्याचंही तसंच. पाण्यात एकरी किती किलो बास आहेत, तुमच्या गळाला तासाला किती लागतात, आणि आयुष्यभर सांगत फिरावा असा एखादा लागण्याची शक्यता किती, हे तीन वेगळे हिशोब आहेत. एकाच पाण्यात तिन्ही चांगले असणं दुर्मिळ. तुमचा मित्र तिसऱ्या हिशोबाबद्दल बोलतोय, तुम्ही दुसऱ्या. पहिल्याबद्दल कोणीच बोलत नाही, आणि बाकीचे दोन त्यातूनच निघतात.

म्हणून आधी तळं घेऊ. तळ्यात किती मासा पोसला जाईल हे पाण्याच्या कसावर ठरतं, म्हणजे त्यात किती वनस्पती-प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) तयार होतो, त्यावर किती बारीक किडे जगतात, त्यावर किती ब्लूगिल हे छोटे मासे वाढतात. बास साखळीच्या टोकाला बसलेला. ढोबळ हिशोब असा की दहा किलो ब्लूगिल खाल्ले की बासच्या अंगावर एक किलो चढतं. अलाबामात ऑबर्नला होमर स्विंगल या माणसाने तळ्यांचं हे गणित मांडलं. आजही नवं तळं भरताना तेच आकडे वापरतात: खत घातलेल्या तळ्यात एकरी १००० ब्लूगिल आणि १०० बास, खत नसेल तर ५०० आणि ५०. तुमच्या सोसायटीने खत घातलेलं नसेल, पण सगळ्या लॉनचं खत पावसाबरोबर तिथेच उतरतं. पाणी कसदार असणारच.

मग भाकरी ठरलेली आहे. प्रश्न तिचे वाटे किती पडतात एवढाच. सोसायटीच्या तळ्यात बास कोणी खात नाही, सगळे सोडून देतात. बास भरपूर वीण घालतो, खाणारी तोंडं वाढतात, आणि सगळे दहा-बारा इंचांवर येऊन थांबतात. गेल्या ऑक्टोबरात ओळखीच्या एकाने त्यांच्या तळ्यावर बोलावलं होतं. पाच-सहा टाकांत, म्हणजे पाच-सहा वेळा गळ फेकून, तीन मासे. एक पट्टीवर ठेवला तर बरोबर १२ इंच, काट्यावर २९० ग्रॅम. डोकं रुंद, डोळे मोठे, मानेमागून शरीर एकदम निमुळतं, पोट खपाटीला. १२ इंची बास नीट खाऊन-पिऊन असेल तर सुमारे ४०० ग्रॅम भरतो, १५ इंची ८३० च्या आसपास, २० इंची दोन किलोच्या थोडा वर. त्या माशाला पाऊण पोट मिळत होतं. असा भुकेला मासा पाण्यात पडलेल्या कशावरही झेपावतो. तुमचे दोन तासांत सहा-सात मासे यातूनच येतात. बारा इंची मासा एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. तीनशेच्या आत भरला तर तुमचं तळं मासेमाराला उदार आहे आणि माशाला कंजूष.

शिवाय पाच एकरांचं साधारण गोल तळं काठापासून मध्यापर्यंत जेमतेम ऐंशी मीटर भरतं. तुम्ही काठावरून तीस मीटर टाक मारत चक्कर घातलीत तर निम्म्याहून जास्त पाणी विंचरून निघतं. फोर्क २७,००० एकरांहून मोठा. त्यातही बहुतेक काठ खाजगी घरांचा, मोकळी जागा म्हणजे पूल, काही पार्क आणि बोटी उतरवायचे धक्के. तुम्ही तीन दिवसांत फोर्क बघितलाच नाहीत. फोर्कच्या एका पायरीवर उभं राहून आलात.

आता फोर्क इतका नावाजलेला का, ते बघू. हे धरण १९८० चं, सबीन नदीला मिळणाऱ्या लेक फोर्क क्रीकवर. नवं धरण भरतं तेव्हा बुडालेल्या जमिनीचा कस पाण्यात उतरतो, बुडालेल्या झाडाझुडपांत पिल्लांना लपायला जागा मिळते आणि पहिली काही वर्षं माशांची चंगळ असते. पुढे ती ओसरते. फोर्कच्या बाबतीत टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याने दोन गोष्टी केल्या. धरण भरायच्या आधीच तिथल्या शेततळ्यांत फ्लोरिडा जातीचे बास सोडले. ही जात उत्तरेकडच्या बासपेक्षा बरीच मोठी होते. आणि मधल्या मापाचे मासे राखायचा कडक नियम केला: १६ इंचांपर्यंतचे ठेवा, १६ ते २४ मधले सोडा, २४ च्या वरचा दिवसाला एकच. म्हणजे वाटेकरी कमी करा आणि वाढत्या माशाला वाढू द्या. बुडालेली झाडंही बरीचशी उभीच ठेवली होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथे १७.६७ पौंडांचा बास लागला आणि १३ पौंडांवरचे बास विणीसाठी खात्याकडे द्यायची शेअरलंकर योजना त्या माशापासून सुरू झाली. जानेवारी १९९२ मध्ये १८.१८ पौंडांचा लागला, तो आजही टेक्ससचा विक्रम आहे. गंमत म्हणजे तो लावणारा माणूस क्रॅपी या छोट्या माशासाठी बारीक जिवंत मासोळी लावून बसला होता. १३ पौंडांवरचे अडीचशेहून अधिक बास या एका पाण्याने त्या योजनेला दिलेत.

तुमच्या मित्राच्या बोलण्यात हे सगळं खरं आहे. त्याने न सांगितलेला भाग असा की फ्लोरिडा बास उत्तरेकडच्यापेक्षा गळाला लागायला अवघड. त्यात फोर्कवर बारा महिने बोटी असतात, एकेका खुंटाशेजारी दिवसातून किती लुअर (नकली आमिषं) पडत असतील! पकडून सोडलेला मासा सावध होतो, हे पाण्यावर रोज दिसतं. त्यापलीकडे इलिनॉयमधल्या रिज लेकवर १९७७ पासून चाललेल्या प्रयोगातून असंही निघालं की सहज गळाला लागणं हा गुण बासमध्ये काही प्रमाणात आनुवंशिक असतो. तेव्हा पाण्यात मासा आहे आणि मासा लागतो, या दोन वाक्यांमध्ये बरंच अंतर आहे, आणि नावाजलेल्या पाण्यात ते सगळ्यात जास्त.

माझाच एक दिवस सांगतो. मार्चचा मधला आठवडा, पाणी ६२ फॅरनहाइट, म्हणजे मादी अंडी घालायला उथळात यायच्या बेतात. गाइडची बोट. एका खाडीच्या टोकाला पाण्याच्या जरा खाली बुडालेलं खोड होतं. गाइड म्हणाला, इथून हलायचं नाही. काळ्या-निळ्या रंगाचं जिग (वजनदार गळाचं नकली आमिष) त्याच खोडाला उजवीकडून, डावीकडून, मागून घासत वीस-पंचवीस वेळा टाकलं. पुढच्या टाकेला दोरी खाली जायची थांबली, एवढंच. झटका नाही, ओढ नाही. मी उगाच रॉड उचलला आणि खोडच चालायला लागलं! सात पौंड सहा औंस. आठ तासांत दोन मासे, दुसरा किरकोळ. तुमच्या तळ्याच्या हिशोबाने भिकार दिवस. मी मात्र अजून त्याच दिवशी वापरलेली दोरी रीळवरून काढलेली नाही, आणि बायको त्यावरून मला अजून बोलते.

आता तुमच्या तीन फेऱ्यांकडे येतो. तीन फेऱ्यांवरून पाण्याला नापास करू नका, आणि हे तुमचं मन राखायला म्हणत नाही, हिशोब करून बघा. समजा एखाद्या पाण्यात तुमच्या पद्धतीने सरासरी दर चार तासांना एक मासा लागतो. तरी चार तासांच्या एका फेरीत भोपळा मिळायची शक्यता ३७ टक्के. बारा तासांत सरासरी तीन लागायला हवेत, पण एक किंवा शून्य लागायची शक्यता २० टक्के, म्हणजे पाचात एकदा. दोन तासांना एक लागत असेल तरीही चार तासांची फेरी कोरडी जायची शक्यता साडेतेरा टक्के राहते. प्रत्यक्षात तर मासे झुंडीने लागतात आणि झुंडीनेच गप्प बसतात, त्यामुळे कोरडे दिवस याहूनही जास्त येतात. तळ्यावर तासाला तीन लागतात, म्हणून तिथे दोन फेऱ्यांतच कल कळतो. फोर्कवर तुमच्या पद्धतीने कल कळायला चाळीस-पन्नास तास लागतील.

इथे माझी जुनी चूक सांगतो. पहिली काही वर्षं मी वहीत फक्त मासे लागलेले दिवस लिहायचो, आणि वेळही पहिला मासा लागल्यापासून मोजायचो. परिणाम असा की माझ्या वहीनुसार रे रॉबर्ट्स नावाचं इथलं धरण हे जगातलं सर्वोत्तम पाणी होतं. आता पहिली टाक पडली की वेळ लिहितो, शेवटची टाक झाली की पुन्हा लिहितो, आणि भोपळ्याच्या दिवशी पानभर भोपळा काढतो. त्याशिवाय पाण्याचं तापमान, काठ की बोट, आणि १५ इंचांवरचे किती, एवढंच. दोन पाण्यांची तुलना करायची तर महिना सारखा, वेळ सारखी, पद्धत सारखी हवी. तुमची तळ्याची संध्याकाळ आणि फोर्कची भरदुपार यांची तुलना होऊच शकत नाही. (फोर्कवर किती वाजता होतात ते तुम्ही लिहिलं नाही, पण लहान मुलाला घेऊन दीड तासाचा प्रवास म्हटल्यावर मी अंदाज केला. चुकलो तर माफ करा.)

स्वतःची वही भरेपर्यंत दुसऱ्यांची वापरता येते. पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं मोठ्या जलाशयांची पाहणी करून अहवाल उघडपणे देतं. शरद ऋतूत खात्याची बोट काठाने पाण्यात वीज सोडत जाते, मासे क्षणभर बधिर होऊन वर येतात, मोजून-मापून परत सोडतात. पाच-पाच मिनिटांचे टप्पे असतात आणि शेवटी तासाला किती बास असा आकडा निघतो. दोन धरणांची तुलना करायला इतकं प्रामाणिक माप दुसरं नाही, कारण विजेला लुअरचा रंग आवडायचा प्रश्न नसतो. पण वीज उथळातच चालते. खोल पाण्यातले थोराड मासे तिच्या तावडीत फारसे येत नाहीत, त्यामुळे हा आकडा संख्येबद्दल खरं बोलतो, राक्षसांबद्दल कमी.

त्या अहवालात मी सगळ्यात आधी बघतो ते ८ इंचांवरच्या बासपैकी १२ इंचांवरचे किती टक्के आहेत ते. चाळीस ते सत्तरच्या मध्ये असेल तर घडी नीट बसलेली. वीस असेल तर ते तुमच्या तळ्याचंच मोठं भावंड: मासे भरपूर, सगळे बारके. पंचाऐंशी असेल तर मोठे आहेत पण मागून पिढी येत नाहीये, चार वर्षांनी तिथे जाऊ नका. मासिकांमधल्या ‘पहिल्या शंभर’ यादीपेक्षा हे मला जास्त कामाचं वाटतं. बासमास्टर मासिकाने २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षं टोलेडो बेंड धरणाला पहिला नंबर दिला. ते पाणी थोरच आहे, पण १,८०,००० एकरांहून मोठं. अशा याद्यांमध्ये स्पर्धांत भरलेली वजनं मोठा वाटा उचलतात, म्हणजे चांगली बोट, मासे शोधायचं सोनार यंत्र आणि दिवसभराची सवड असलेल्यांच्या पाच सर्वोत्तम माशांची वजनं. पायात चप्पल घालून काठावर उभ्या असलेल्या माणसासाठी ती यादी लिहिलेलीच नाही.

पाणी बघूनही थोडं कळतं. पांढरी बशी दोरीला बांधून सोडा आणि दिसेनाशी होते तिथे माप घ्या. हिरवट पाणी आणि दीड ते दोन फुटांवर बशी गेली, तर कस उत्तम. सहा-सात फुटांपर्यंत दिसली तर पाणी सुंदर, पण एकरी मासा कमी. आपल्या मुळशीचं नितळ पाणी आणि उजनीचं हिरवं पाणी आठवा; मासा कुठे जास्त हे कोळ्याला विचारायला नको. मात्र उजनीत चिलापी माजला तसंच इथेही होतं: कस फार झाला की फायदा बासलाच होतो असं नाही. गिझार्ड शॅड नावाचा मासा अशा पाण्यात इतका झपाट्याने वाढतो की बासच्या तोंडात मावेनासा होतो, आणि मग धरणातला निम्मा चारा बासच्या कामाचाच राहत नाही. तांबड्या मातीने गढूळलेलं पाणी ही आणखी वेगळी गोष्ट. तिथे बशी अर्ध्या फुटात जाते, पण ती कसामुळे नव्हे. उजेडच आत जात नाही आणि बास तर बरंचसं डोळ्यांनी शिकार करणारा. आपल्या मरळीसारखाच दबा धरून बसतो, त्यामुळे पाणवनस्पती हवीच. मात्र सगळं पाणी झाकलं तर चाराही लपतो. पाव ते एकतृतीयांश पाणी वनस्पतीखाली असेल तर मला बरं वाटतं.

आणि पाण्याची कुंडली कायमची नसते. पश्चिम टेक्ससमधला ओ. एच. आयव्ही जलाशय बघा, भरला तर सुमारे १९,००० एकरांचा. दुष्काळात अनेक वर्षं आटलेला राहिला, उघड्या पडलेल्या काठावर झुडपं माजली. २०१८ च्या पावसात पाणी चढलं, ती सगळी झुडपं बुडाली आणि अर्धं धरण पुन्हा नव्यासारखं झालं. २०२१ पासून तिथून १३ पौंडांवरचे मासे एकामागून एक निघू लागले, २०२२ मध्ये तर १७ पौंडांवरचा. त्याआधी तिथे जा म्हणणाऱ्याला लोक हसले असते. पाण्याच्या आकाराचंही तसंच. जगाचा २२ पौंड ४ औंसांचा विक्रम १९३२ साली जॉर्जियात नदीच्या जुन्या वळणात साचलेल्या मॉंटगोमेरी लेकमध्ये झाला, आणि त्याची बरोबरी २००९ मध्ये जपानच्या ६७० चौरस किलोमीटरच्या बिवा सरोवरात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मुलगा बरोबर आहे तोवर तळं हेच तुमचं भारी पाणी. लहान मुलाला तासाला तीन मासे हवेत. सात पौंडांच्या आशेवर तो आठ तास बसणार नाही, आणि बसूही नये. बोट आत्ता घेऊ नका. त्याऐवजी मधली पायरी घ्या: डॅलसच्या आग्नेयेला पर्टिस क्रीक स्टेट पार्क, साडेतीनशे एकरांचं पाणी, उभी झाडं, काठाला वाव. स्टेट पार्कात काठावरून मासेमारीला परवाना लागत नाही, आणि १७ वर्षांखालच्या मुलाला टेक्ससमध्ये तसाही लागत नाही. तिथे मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या सहा-सात फेऱ्या करा, वही ठेवा. फोर्कला एकदाच, मार्चमध्ये, गाइडबरोबर जा. महाग पडेल, पण बोटीच्या पहिल्या वर्षाच्या विम्याहून आणि दुरुस्तीहून स्वस्त. त्या दिवशी दोन मासे लागून तुम्ही खूश झालात तर बोटीचा विचार करा. मनात तळ्याचा हिशोब सुरू झाला तर बोट तुम्हाला सुख देणार नाही.

तळ्याचंही एक काम आहे. सोसायटीची परवानगी असेल तर १२ इंचांखालचे बास थोडे-थोडे काढायला लागा. दर वर्षी असे काढत राहिलात तर उरलेल्यांना वाढायला जागा मिळेल. तळ्यात शेवाळासाठी कुठलं औषध मारतात ते आधी ऑफिसात विचारा, आणि नुकतंच मारलं असेल तर खाऊ नका. नाहीतर साल काढून फक्त मांस घ्या, हळद, तिखट, मीठ, थोडं आगळ लावून अर्धा तास ठेवा आणि रव्यात घोळवून तळा. चव सौम्य असते, त्यामुळे तिखट जरा सढळ हाताने घाला.